खिडकीजवळची खाट

गोंदिया
४ जुलै २०२५

प्रिय टीना,

आणि टीनाच्या आधी ज्यांनी हे पाकीट फोडलं असेल त्यांनाही नमस्कार. टीनाचे सासरे, काकाजी असाल तर पाया पडते. उमेंद्र भाऊजी असाल तर राग मानू नका. तुमच्या बायकोचा फोन लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात बंद झाला आणि तुमच्या फोनवर केला की तुम्ही कायम शेतात असता, म्हणून हा पोस्टाचा खटाटोप. मी डिंपल, टीनाची होस्टेलच्या खोलीतली मैत्रीण. लग्नात करवली म्हणून तिच्या मागं उभी होते आणि फोटोत सगळीकडं अर्धीच आले आहे, ती.

पोस्टात पाकीट आणायला गेले तेव्हा खिडकीतल्या बाईनं विचारलं, "नौकरी का फॉर्म है क्या?" मी म्हटलं, "नहीं, सहेली को चिट्ठी है." तिनं चष्मा वर करून मला नीट पाहून घेतलं.

तर टीने, तिसरं सेमिस्टर सुरू झालं. टाइमटेबल दोनदा लागलं आणि दोनदा निघालं. आता तिसरं लागलंय, त्यात सोमवारी एकाच वेळी आपण दोन वर्गांत बसायचं आहे. केमिस्ट्रीचे सर तेच आहेत, फळ्याकडं तोंड करून बोलणारे. मेसमध्ये अजून तीच पातळ डाळ आहे. मी सुट्टीत बारीक होऊन येईन म्हणाले होते, तसं काही झालेलं नाही.

वर्ग मात्र ओस पडलाय. शहरातली पोरं पुढच्या दोन बाकांवर आणि मागं पंख्याचा आवाज. धानाची रोवणी लागली ना. सर हजेरी घेतात, नाव आलं की मागून कोणीतरी "रोवणीला गेला" म्हणतं आणि सर मान हलवून पुढं जातात. त्यांच्याही घरी धान आहे, त्यांना सांगावं लागत नाही. तुझं नाव आलं तेव्हा मी उभी राहून म्हटलं, "रोवणीला गेली, सर." सर म्हणाले, "बरं, झाली की येईल."

मी खोटं बोलले नाही. तू रोवणीलाच गेली असशील. कोणाच्या शेतात, कोणाच्या बांधीत, ते सरांनी विचारलं नाही.

तुझी खिडकीजवळची खाट तशीच आहे. चादर धुऊन घातली आहे. मी तिच्यावर काही ठेवत नाही, एकदा फक्त ओढणी वाळत घातली होती आणि ती लगेच काढली. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला जोडीदार लागतो. मी सरांना सांगितलं, माझी जोडीदार यायची आहे. तोवर ब्युरेट मीच धरते आणि रंग बदलला का तेही मीच पाहते. दोन्ही एकदम नीट होत नाही.

उत्तर लिही. चार ओळी लिहिल्यास तरी चालेल. काकाजी, तिला चार ओळी लिहू द्या.

तुझी
डिंपल


गोंदिया
१३ जुलै

प्रिय टीना,

आज रविवार. आजचं पत्र मोठ्यांनीही वाचावं असं आहे, म्हणून अक्षर चांगलं काढते आहे.

काकाजी, लग्न जुळलं त्या बैठकीत तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात की पोरीचं शिक्षण थांबणार नाही. मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते आणि मला तुमचा फार आदर वाटला होता. अजूनही वाटतो. म्हणून आमच्या होस्टेलबद्दल थोडं लिहिते. सून परगावी ठेवायची तर घरच्यांना काळजी वाटणारच.

होस्टेल समाजाचं आहे. सगळ्या पोरी आपल्याच गावाकडच्या. वार्डन अनुसयाबाई आहेत. त्यांचं वय झालंय, पण कान शाबूत आहेत. फाटक सात वाजता बंद होतं, आणि एकदा बंद झालं की अनुसयाबाई स्वतःच्या भावालाही आत घेत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. भिंतीवर काचा लावल्या आहेत. कॉलेज इतकं जवळ आहे की ऑटो लागत नाही, आणि आम्ही सगळ्या घोळक्यानं जातो. पाणी बोअरचं आहे, गोड आहे. जेवण साधं असतं, पण भात पोटभर मिळतो. इथं राहून कोणी पोरगी बिघडली असं आजवर ऐकलं नाही. आम्हाला बिघडायला वेळच मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. इथल्या खाटा कमी आणि मागणाऱ्या पोरी फार. पण अनुसयाबाईंचा एक नियम आहे. एकदा एखाद्या घराला खाट मिळाली की ती पोळ्यापर्यंत त्या घराची. तोवर घरातून कोणी आलं नाही तर मग ती दुसऱ्याला. टीनाच्या खाटेवर मागल्या वर्षीपर्यंत तिच्या बाबांच्या घराचं नाव होतं. लग्न झालं म्हणून अनुसयाबाई नाव खोडायला निघाल्या होत्या. मी हातापाया पडून तिथं तुमच्या घराचं नाव लिहून घेतलं, "टेकचंदजींचे घर" असं. म्हणजे पोळ्यापर्यंत ती खाट तुमची आहे.

अशी जागा गोंदियात पुन्हा मिळणार नाही. मी घरच्यासारखी तिच्याकडं लक्ष देईन. आजारी पडली तर उशाशी बसेन. अभ्यासात मागं पडली तर माझ्या वह्या देईन.

रोवणीची घाई असेल हे मला कळतं, आमच्याकडंही आहे. रोवणी झाली की पाठवा.

टीने, तुझ्यासाठी वेगळं काही लिहीत नाही. तू बरी अस.

तुझी
डिंपल


गोंदिया
२१ जुलै

टीने,

हे पत्र तुझ्या आईच्या हाती देणार आहे. त्या तुला भेटायला येतील तेव्हा हळूच देतील. त्यांना वाचता येत नाही आणि तुझ्या सासरचे त्यांच्या पदराला हात लावणार नाहीत, म्हणून आज मोकळं लिहिते.

काल मी तुझ्या माहेरी जाऊन आले. वाटलं, आखाड आहे, नवी लेक माहेरी आली असेल, गाठ पडेल. घराला कुलूप. शेजारच्या आजी म्हणाल्या, "सारे बांधीत गेले." मी बांधीत गेले. तुझ्या आई, कुंदाबाई, पात धरून होत्या, बायकांच्या रांगेत मधोमध. मला पाहून हसल्या, पण थांबल्या नाहीत. एक थांबली की सगळी रांग वाकडी होते, हे तुला काय सांगायचं. मग मी सलवार खोचली, चपला बांधीच्या कडेला धुऱ्यावर ठेवल्या, पऱ्ह्यांची, रोपांची एक पेंडी घेतली आणि त्यांच्या शेजारी वाकले. बोलायचं तर वाकूनच बोलावं लागणार होतं.

मी विचारलं, "टीना नाही आली का?"

"मी आनाले गेली होती बाई. खोली सारवून ठेवली होती. सासू म्हने, माहे घुटने गेले, नवी सून माहेरी गेली तं रोवना कोन करन?"

"मग तुम्ही काऊन नाही बोलल्या?"

त्या रोपं लावत मागं सरकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काय बोलू? आपन पोरगी देली. देल्यावर बोलाची जागा नाई रायत."

तुझा फोन भाऊजींनी शेतात नेला आणि तो पाण्यात पडला, असंही त्यांनी सांगितलं. मी हो म्हटलं. तुझ्या आईला ते खरं वाटत होतं, मला नाही.

मग त्या म्हणाल्या, "तुही चिठ्ठी आली होती म्हने. सासऱ्यानं साऱ्यायले बसवून वाचून दाखवली. लय चांगली लिवते पोरगी, म्हने. दोनदा वाचली." मला इतका आनंद झाला की मी पऱ्हे आडवे लावले आणि बाकीच्या बायका मला हसल्या. "रोवना झाला का धाडतो म्हनते," कुंदाबाई म्हणाल्या. "पाहू आता."

टीने, माझी काय हालत आहे ती सांगते. वर्गात जोवर पोरं रोवणीला गेलेली आहेत तोवर तू त्यांच्यातलीच एक आहेस. कोणी काही विचारत नाही. रोवणी संपली की सगळे येतील आणि तू एकटीच उरशील. म्हणून मागच्या आठवड्यात पावसानं दडी मारली तेव्हा मला बरं वाटलं. बाबांचा फोन आला की चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी अजून सोडलं नाही, पऱ्हे पिवळे पडून राहिले, आणि मी इकडं मनात म्हणत होते, अजून थोडे दिवस नका सोडू. शेतकऱ्याची पोरगी होऊन मी हे म्हटलं. बाबांशी नीट बोलताही आलं नाही. ते म्हणाले, "काऊन गं, बिमार आहेस का?"

मला करता येण्यासारखं काहीच नाही. मी तुला ओढून आणू शकत नाही. तुझ्या सासऱ्याशी भांडू शकत नाही, भांडले तर ते तुझ्यावर निघेल. फक्त गोड गोड पत्रं लिहू शकते आणि खाटेवर कोणाला बसू देत नाही. काल एक नवी पोरगी तिच्यावर बॅग ठेवायला लागली तर मी तिच्यावर अशी खेकसले की ती रडली. नंतर तिला बिस्किटं दिली.

तुला यायचंय ना? तेवढं मला कळव. आईजवळ नुसतं हो म्हणून पाठव.

डिंपल


गोंदिया
६ ऑगस्ट

टीने, टीने,

उमेंद्र भाऊजी आले आहेत. आत्ता, या क्षणी, खाली अनुसयाबाईंकडं चहा पीत बसलेत. मी वह्या आणायचं निमित्त करून वर आले आणि हे लिहिते आहे. पत्र त्यांच्याच हाती देणार आहे, म्हणून भाऊजी, तुम्ही रस्त्यात वाचलंत तरी चालेल, यात तुमचं कौतुकच आहे.

ते अचानक आले. पांढरा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत तुमच्या घरचा पोहा आणि आंब्याचं लोणचं. सगळं होस्टेल पाहिलं. फाटक पाहिलं, भिंतीवरच्या काचा पाहिल्या, नळ सोडून पाणी चाखलं. अनुसयाबाईंना इतके प्रश्न विचारले की त्या मला नंतर कानात म्हणाल्या, "हा तं सीआयडी होय." पण त्या खूश होत्या. असं पाहून जाणारे घरचे लोक त्यांना आवडतात.

मी त्यांना तुझी खाट दाखवली. त्यांनी चादरीवर हात फिरवला, खिडकी उघडून खाली पाहिलं, मच्छर लागतात का विचारलं. मी म्हटलं, "मच्छरदाणी आहे, मी लावून देईन." मग ते म्हणाले, "इतून बी.ए.चं कॉलेज जवर पडते का?" तू बीएस्सीला आहेस हेही त्यांना माहीत नाही, टीने. लग्नाला तीन महिने होत आले. शिकव त्यांना. मी म्हटलं, सगळं एकाच आवारात आहे, त्यांनी मान हलवली.

भाऊजी चांगले आहेत. मी उगाच त्यांना मनातल्या मनात खूप बोलले. जाताना त्यांना रोवणीचं विचारलं, तर म्हणाले, "झाली समजा. आठ दिवस धरा. जागा चांगली आहे, बाबाले सांगतो."

आमच्या वर्गातली पोरं परत यायला लागलीत. नखांत चिखल घेऊन बसतात आणि पहिल्या तासाला झोपतात. काल हजेरीत मी "रोवणीला गेली" म्हटलं तेव्हा सर म्हणाले, "तिची शेती काय चोरखमाऱ्याएवढी आहे का?" सगळे हसले. मीही हसले. हसू दे त्यांना. तू आलीस की त्यांना दाखवते.

तुझ्यासाठी प्रॅक्टिकलची वही घेऊन ठेवली आहे, कव्हरसकट. पहिल्या पानावर तुझं नाव घातलं. आडनाव कोणतं लिहू ते कळेना, म्हणून जागा सोडली.

चहा संपत आला असेल. खाली जाते.

तुझी, तुझी
डिंपल


गोंदिया
१८ ऑगस्ट

टीना,

मी तुला हे पत्र पाठवीन की नाही माहीत नाही.

काल दुपारी खालून अनुसयाबाईंनी हाक मारली, "डिंपल, तुही पाहुनी आली वं." मी जेवत होते. हात न धुता पळत गेले. फाटकात भाऊजी उभे होते आणि त्यांच्या हातात तुझी निळी बॅग होती, चेन तुटलेली, सेफ्टी पिन लावलेली. ती पिन मी लावली होती. मी ती बॅग आधी ओळखली आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, बहुतेक तुझं नाव.

बॅगेच्या मागून एक पोरगी पुढं आली. दोन वेण्या, नवा ड्रेस, रडून डोळे लाल झालेले. भाऊजी म्हणाले, "ही मंजू, माही बहीन. बारावी झाली औंदा. बी.ए.ले नाव टाकलं. तुमच्याच खोलीत हाय ना ती खाट?"

मी म्हटलं, "आणि टीना?"

"तिले घरी काम हाय," भाऊजी म्हणाले. माझ्याकडं न पाहता म्हणाले. मग अनुसयाबाईंना म्हणाले, "बाबानं सांगतलं, आपल्या घराची खाट हाय तं कायले सोडाची."

मी अनुसयाबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, ही खाट टीनाची आहे. त्या म्हणाल्या, "बाई, नाव तूच लिवून घेतलं ना. टेकचंदजीचं घर. त्या घरची पोरगी आली. मी आता तिले कशी नाई म्हनू?" त्यांचं काही चुकलं नाही. कोणाचंच काही चुकलेलं नाही, हेच मला सहन होत नाही. फाटक किती वाजता बंद होतं, पाणी कसं आहे, भिंतीवर काचा आहेत, पोरी घोळक्यानं जातात, हे सगळं मी चांगल्या अक्षरात लिहून पाठवलं होतं. लेक पाठवायला भीत असलेल्या बापाला मी घरबसल्या धीर दिला. लेक म्हणजे त्यांची लेक. सुनेसाठी कोणी इतकं घाबरतं का, हे मला आधी कळायला हवं होतं.

मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिनं बॅग खाटेवर ठेवली आणि बॅगेच्या शेजारी बसली, जागा अडवू नये अशी काठावर. मी भिंतीकडं तोंड करून पुस्तक उघडलं. पुस्तकातलं काही वाचलं नाही. नंतर ती हळूच म्हणाली, "ताई, मी इकडं झोपू का खिडकीकडं? तुमाले पायजे असन तं मी खाली झोपतो."

मला तिचा राग यायला हवा. येतोही. पण तिच्या नखांत चिखल आहे, टीना. तीही रोवूनच आली आहे.

आज हजेरीला तुझं नाव आलं. पूर्ण वर्ग भरलेला होता. सगळे माझ्याकडं पाहायला लागले, मी काय म्हणते ते ऐकायला. मी काही म्हटलं नाही. सरांनी चष्म्यातून पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुझ्यावरही राग आहे. घरात हे ठरत होतं तेव्हा तू काय करत होतीस? तू एकदा तरी म्हणालीस का की ती खाट माझी आहे? का तिथंही पात धरून मागं मागं सरकत राहिलीस?

डिंपल


गोंदिया
१२ सप्टेंबर

प्रिय टीना,

मागचं पत्र मी पाठवलं नाही. फाडलंही नाही, आहे कुठंतरी.

मंजू पोळ्याला घरी आली होती ना, तिथून परतली ती ठरवूनच की मला सगळं सांगायचं. मी तिला टाळत होते. मेसमध्ये दुसऱ्या टेबलावर बसायचे. पण तिनं तू पाठवलेल्या करंज्यांचा डबा माझ्या खाटेवर ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली. म्हणाली, "ताई, खा नका खाऊ, पन आयका."

मग तिनं सांगितलं. माझं ते चांगल्या अक्षरातलं पत्र आलं त्याच आठवड्यात तिला पाहायला पाहुणे येणार असल्याचा निरोप आला होता. रोवणी झाली की पाहायचं, पोळा झाला की सुपारी. काकाजींनी पत्र वाचून दाखवलं, सगळे हसले, आणि मग ते म्हणाले की दोघींतून एकच जाईल, घरी एक बाई लागते. मंजू म्हणाली, वहिनीनं जावं, खाट तिचीच आहे. तिनं खरंच म्हटलं होतं का, मी दोनदा विचारलं. तिनं आईची शपथ घेतली.

आणि तू भाकरी थापत होतीस. वर न पाहता काकाजींना म्हणालीस, "मामाजी, मंजूले धाडा. माहं लगन तं झालं. आता कॉलेज केलं का नाई केलं, मी इतंच येनार. तिचं व्हाचं हाय."

मंजू हे सांगताना रडली नाही. मी रडले. करंजी हातात होती, तशीच.

ती म्हणाली, भाऊजी त्या दिवशी पाणी प्यायला उठले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. म्हणाली, पाहुण्यांना काकाजींनी कळवलं की पोरगी शिकायला गेली, तीन वर्षं थांबा. ते थांबले नाहीत, दुसरीकडं गेले. म्हणाली, वहिनी आता आईच्या पायाला तेल लावते आणि आई तिला पोरी म्हणते. तू तिथं सुखात आहेस का, मी विचारलं. मंजूनं विचार केला. "बरी हाय," म्हणाली. मग म्हणाली, "मी गेली का ते तुमचंच इचारते. डिंपल जेवते का, प्रॅक्टिकलले जोडी भेटली का."

जोडी भेटली. शहरातली एक पोरगी आहे, ब्युरेट नीट धरते, जास्त बोलत नाही. पोळ्यानंतर वर्गाची नवी यादी लागली, त्यात तुझं नाव नाही. तुझ्या नावाची ती वही मंजूला देऊ म्हटलं तर तिला प्रॅक्टिकलच नाही. ती मी ठेवली आहे.

मी तुझ्यावर रागावले होते, ते अजून पूर्ण गेलेलं नाही. तू जे केलंस ते चांगलं केलंस हे मला कळतं. मला कोणी विचारलं असतं तर मीही कदाचित तेच म्हटलं असतं. पण मला मंजू नको होती, टीना. ती गुणाची पोरगी आहे, सकाळी माझ्या आधी उठून बादली भरून ठेवते, मला ताई म्हणते, इतिहासाच्या सनावळ्या मोठ्यानं पाठ करते आणि झोपेत कूस बदलते तेव्हा तुझ्यासारखीच खाट करकरते. मला ती नको होती. मला तू हवी होतीस. हे कोणाला सांगू? अनुसयाबाईंना सांगितलं तर त्या म्हणतात, एका पोरीचं भलं झालं ना. झालं. मी नाही म्हणत नाही.

काल मी तिला मच्छरदाणी लावून दिली. भाऊजींना म्हटलं होतं मी, लावून देईन म्हणून. ती खिडकीकडं डोकं करून झोपली, तर मी सांगितलं, इकडं पाय कर, पहाटे ओल येते. तुला मी हेच सांगायचे आणि तू कधी ऐकलं नाहीस. तिनं लगेच ऐकलं.

उद्या शनिवार. मंजू घरी येते आहे. हे पत्र ती तिच्या पुस्तकात घालून आणेल आणि तुला चुलीजवळ देईल. घरच्या लेकीची बॅग कोणी उघडत नाही. आता तुला मोकळं लिहिता येईल, टीना, कोणाला नमस्कार न करता, काकाजींना न विचारता. वाट सापडली आहे आणि तुला बोलवायला माझ्याकडं खाट उरलेली नाही.

मंजू विचारते आहे की शेवटी तिची एक ओळ घालू का. घातली. ती म्हणते, वहिनीले सांगा, मी पोटभर जेवतो.

डिंपल